वाचक विचारतात : रेडिएटरमध्ये मागे राहणारे पाणी

उन्हाळा तोंडावर आला की गाडीच्या कूलंटबद्दल, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, पत्रे येऊ लागतात. या वेळी ती इतकी आली की सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझी पेट्रोलची लहान गाडी चार वर्षांची आहे, ३८,००० किलोमीटर चालली आहे. कूलंट गढूळ, तांबूस दिसू लागले म्हणून घरीच रेडिएटरखालचा कॉक उघडून सगळे काढले आणि बाजारातून आणलेले तयार कूलंट भरले. पुस्तिकेत ४.५ लिटर लिहिले आहे, पण आत गेले फक्त २.७ लिटर. दोन दिवसांनी झाकण उघडून पाहिले, तर रंग पुन्हा तांबूस. काय चुकले?
– सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आपण सगळे काढले नव्हते. आपल्या आकड्यांतच ते दिसते. खालचा कॉक उघडला की रेडिएटर रिकामा होतो, पण इंजिनच्या पोटातले आणि केबिनच्या हीटरमधले कूलंट तिथेच राहते, कारण थंड इंजिनात थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी झडप, बंद असतो आणि त्या जागांना खाली उतरायला वाट नसते. आपल्या गाडीत १.८ लिटर, म्हणजे ४० टक्के जुना माल आत राहिला आणि नव्यात मिसळला. रंग त्यामुळेच परतला.

उपाय तांदूळ धुण्यासारखाच आहे. तीन पाणी द्यावे लागतात. हिशेब पाहा. पहिल्या पाण्यानंतर आत ४० टक्के जुने उरते, दुसऱ्यानंतर १६ आणि तिसऱ्यानंतर साधारण ६ टक्के. तेवढे चालते. प्रत्येक वेळी २.७ लिटर, म्हणजे धुण्यासाठी आठ लिटरच्या वर डिस्टिल्ड वॉटर लागेल. दहा लिटर आणून ठेवा. शिवाय सात-आठ लिटरचा पसरट टब, नरसाळे, पक्कड, रबरी हातमोजे, मापाची बाटली आणि कॉकची नवी ओ-रिंग हाताशी असू द्या. ही रिंग काही रुपयांची असते. जुनी मात्र दबून चपटी झालेली असते आणि परत बसवली की थेंब थेंब गळते.

गाडी रात्रभर उभी असावी. काम सकाळी, सपाट जागेवर, किल्ली काढून करावे. काही गाड्यांत किल्ली नसतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, म्हणून बोटे पंख्यापासून दूर ठेवा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते. दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

वरचे झाकण आधी काढा, मग खालचा कॉक हाताने फिरवा. कॉक प्लास्टिकचा असतो. पक्कड लावली की त्याचे डोके तुटते आणि मग कामच अडते. बऱ्याच नव्या गाड्यांत कॉक नसतोच, तिथे खालचा मोठा होज पाइप सोडवावा लागतो. स्प्रिंगची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा. पाइप वर्षानुवर्षे चिकटून बसलेला असतो, म्हणून आधी तो गोल फिरवून सैल करा आणि मगच ओढा. मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची असली तरी बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात आणि पाइप बसतो ती नळी चिरली तर अख्खा रेडिएटर बदलावा लागतो.

जे बाहेर आले ते मोजून लिहून ठेवा. कॉक बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरा, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन जागेवरच चालू ठेवा. वरचा मोठा पाइप बराच वेळ कोमट राहतो आणि मग एकदम तापतो. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. बहुतेक गाड्यांत हे ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान घडते. त्यानंतर पाच मिनिटे चालवून इंजिन बंद करा आणि निदान दोन तास थंड होऊ द्या. घाई करून गरम इंजिनात गार पाणी ओतले, तर ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकडे होऊ शकते. तीन पाण्यांना त्यामुळे सगळा दिवस जातो आणि तो द्यावाच लागतो. मधल्या वेळात ओव्हरफ्लोची छोटी टाकी काढून धुऊन घ्या, तळाला गाळ असतोच.

आता खरी चूक होते ती शेवटच्या भरण्यात, आणि चांगल्या हातांकडूनही होते. तिसरे पाणी काढल्यावर इंजिनात १.८ लिटर साधे पाणी बसलेले आहे. त्यावर ५० टक्क्यांचे तयार कूलंट २.७ लिटर ओतले, तर सगळे मिसळून प्रमाण ३० टक्क्यांवर येते. तयार कूलंट मुळात ३० टक्क्यांचे असेल, तर १८ टक्केच उरते आणि एवढ्यात गंज रोखणारी रसायने पुरत नाहीत. म्हणून धुतल्यानंतर पाणी मिसळलेला तयार माल न घेता कॉन्सन्ट्रेट, म्हणजे बिनपाण्याचे कूलंट, घ्यावे. एकूण मापाच्या निम्मे, म्हणजे आपल्यासाठी २.२५ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग ०.४५ लिटर डिस्टिल्ड वॉटर. उरलेले १.८ लिटर पाणी आत आहेच. पुस्तिकेतले माप छोटी टाकी धरून आहे की सोडून, तेवढे पाहून घ्या. छोट्या टाकीत वेगळे अर्धे-अर्धे मिसळून कमी आणि जास्त या दोन रेघांच्या मध्ये भरा.

प्रश्न : पाणी कोणते वापरावे? घरी नर्मदेचे नळाचे पाणी आहे, बोरिंग आहे, आरओ आहे, शिवाय एसीतून रोज बादलीभर पाणी निघते.
– राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : शेवटच्या भरण्यात फक्त डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड वॉटर. बॅटरीचे पाणी म्हणून मिळते तेच. घेताना लेबल वाचा, कारण त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही तशाच कॅनमध्ये ठेवलेले असते.

बोरिंगचे पाणी सर्वांत वाईट. माळव्याच्या काळ्या पाषाणातून येणारे पाणी जड असते. घरातल्या गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेवर जे पांढरे पुट चढते, तेच इंजिनाच्या सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे हेडच्या आतल्या भिंतीवर चढते. उष्णता त्या पुटातून सहज पार होत नाही. त्यामुळे तापमानाचा काटा मध्यावर दिसत असतानाही आतला धातू जास्त तापलेला असू शकतो. शिवाय काही कूलंटमध्ये फॉस्फेट असते, ते कॅल्शियमशी जुळून पांढरा गाळ तयार करते. नर्मदेचे पाणी बोरिंगपेक्षा बरे, पण क्षार आणि क्लोरीन त्यातही आहेच. कूलंट फार घाण असेल, तर पहिले एक पाणी नळाचे दिले तरी चालेल. पुढची दोन मात्र डिस्टिल्डचीच द्यावीत.

आरओचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा चांगले, पण बहुतेक घरगुती यंत्रे चवीसाठी त्यात थोडे मूळ पाणी परत मिसळतात. अडचणीच्या वेळी भर घालायला ते चालेल. आरओची बाहेर टाकली जाणारी धार मात्र नळापेक्षाही जड असते, तिचा विचारच करू नका. एसीच्या पाण्यात क्षार नसतात हे खरे, पण ते धुळीने भरलेल्या, तांबे आणि ॲल्युमिनियमच्या ओल्या जाळीवरून आलेले असते. डिस्टिल्ड वॉटर इतके स्वस्त असताना हा धोका पत्करू नये.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, हिरवे, गुलाबी, निळे सगळे एकच, कोणतेही घाला. खरे काय?
– देवास

उत्तर : रंग हा फक्त रंग आहे. तो कंपनी आपल्या सोयीने घालते आणि त्याला कोणतेही सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीचे हिरवे जुन्या पद्धतीचे, सिलिकेटवाले आणि दोन वर्षे टिकणारे असेल, तर दुसऱ्या कंपनीचे हिरवे सेंद्रिय आम्लावर आधारलेले, पाच वर्षे चालणारे असेल. म्हणून ‘सगळे एकच’ हे चूक आणि ‘हिरव्यात हिरवेच घाला’ हेही अपुरे. पाहायचे ते दोनच ठिकाणी. पुस्तिकेत कंपनीने कोणता प्रकार सांगितला आहे, आणि डब्यावर तोच लिहिला आहे का. भारतीय मानक आयएस ५७५९ चा उल्लेख डब्यावर असावा.

न जुळणारे दोन प्रकार मिसळले की रसायने एकमेकांना निकामी करतात. कधी चिकट तपकिरी गाळ होतो, तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि त्याहून आधी हीटरमध्ये अडकतो. आत काय आहे हे कळत नसेल, तर वर सांगितलेली तीन पाणी देऊन नव्याने सुरुवात करणे हाच एक खात्रीचा मार्ग.

प्रश्न : इंदुरात बर्फ पडत नाही. मग अँटिफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारे कूलंट, हवेच कशाला? वडील नेहमी साधे पाणीच घालत.
– रामबाग, इंदूर

उत्तर : वडिलांच्या काळच्या गाड्यांत ओतीव लोखंडाचे इंजिन आणि तांबे-पितळेचा रेडिएटर असे, आणि तोही दर काही वर्षांनी कारागिराकडे उघडून साफ करून घेत. आताचे हेड आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. साध्या पाण्यात ॲल्युमिनियमला भोके पडतात आणि पंपाच्या सीलचे आयुष्य घटते. गोठणे हा आपल्याकडे प्रश्नच नाही, ३० टक्क्यांचे मिश्रणसुद्धा साधारण उणे १५ अंशांपर्यंत टिकते. आपल्याला हवी असते ती गंजरोधक रसायने आणि वर सरकलेला उत्कलनबिंदू.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाब. ०.९ च्या दाबाने हेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते आणि निम्मे ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मूळ द्रव, असेल, तर १२५ च्या आसपास. म्हणजे मोठे काम झाकण करते. त्याचे रबर कडक झाले किंवा चिरले, तर उत्तम कूलंट भरूनही गाडी उकळेल. कूलंट बदलताना झाकण तपासा आणि शंका असेल तर बदला, पण त्याच आकड्याचे घ्या.

उलट बाजूने, जास्त म्हणून शंभर टक्के कॉन्सन्ट्रेटही घालू नये. शुद्ध ग्लायकॉल पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता वाहून नेते आणि ते दाटही असते. आपल्याकडच्या हवेला ३० ते ५० टक्के पुरे. नेमका आकडा पुस्तिकेचा मानावा.

प्रश्न : कूलंट बदलल्यापासून काटा वर जातो, मग एकदम खाली येतो. हीटर लावला तर गार हवा. गळती कुठेच नाही.
– टिळक नगर, इंदूर

उत्तर : आत हवा अडकली आहे. काढलेले आणि भरलेले माप ताडून पाहिले असते, तर आधीच कळले असते. २.७ लिटर निघाले आणि २.२ च गेले, तर उरलेला अर्धा लिटर म्हणजे हवाच. ती वरच्या जागी, हेडमध्ये किंवा हीटरमध्ये बसते. तापमान मोजणारा सेन्सर कधी हवेत, कधी पाण्यात येतो, म्हणून काटा नाचतो.

इंजिन थंड असताना, गाडीचे नाक थोडे वर येईल अशा उतारावर गाडी लावा, चाकांना दगड लावा. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा वरच्या पाइपवर हवा सोडायचा छोटा स्क्रू असेल, तर तो दोन आटे सैल करून कूलंट बारीक धारेने ओता. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू बंद. मग वरचा पाइप हाताने दाबत-सोडत राहा. झाकण उघडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. पातळी खाली जाईल तसे भरत राहा. पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला आणि हीटरमधून गरम हवा आली की काम झाले. पातळी उसळून वर येऊ लागली, तर इंजिन बंद करून थांबा.

हे ज्या गाडीत रेडिएटरवरच झाकण आहे तिच्यासाठी. ज्या गाड्यांत झाकण फक्त वरच्या पांढऱ्या टाकीवर आहे, तिथे ती टाकीच दाबाखाली असते. तिचे झाकण लावूनच इंजिन गरम करायचे आणि थंड झाल्यावर पातळी पाहायची. दोन्ही प्रकारांत दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी तपासा, पाव लिटर तरी पुन्हा लागते.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो, उन्हाळ्यात थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका, गाडी गार राहील.
– महू

उत्तर : काढू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन कामे असतात. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणे आणि त्याच वेळी आतली आखूड वाट बंद करणे. तो काढला की आखूड वाट कायम उघडी राहते, बरेच पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरते आणि मे महिन्यात गाडी जास्तच तापते. ज्या गाड्यांत तसे होत नाही, तिथे डिसेंबर-जानेवारीत इंजिन गरमच होत नाही. गाडीतल्या संगणकाला ते थंड वाटते, तो जास्त पेट्रोल सोडतो, मायलेज घसरते.

संशय असेल तर तो काढून तपासा. पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या जवळपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत बहुतेक पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडला तर नवा बसवा, सोबत नवे गॅस्केट. पातेले नंतर स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नये.

प्रश्न : दर महिन्याला टाकीतली पातळी खाली. खाली डाग नाही. शेजारचे काका म्हणतात, चमचाभर हळद टाक.
– स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : हळदीने बारीक छिद्र काही काळ बुजते, म्हणून हा उपाय टिकून आहे. निर्जन रस्त्यावर दुसरे काहीच हाताशी नसताना तो समजण्यासारखा आहे. पण तीच हळद नंतर आजच्या रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत आणि हीटरमध्ये जमते. घरी असताना गळती शोधावी.

तापलेल्या जागी पडलेला थेंब वाळून जातो, म्हणून डाग नाही. टॉर्च घेऊन कोरडे पुट शोधा. पाइपांच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक आणि जाळीच्या सांध्यावर, पाण्याच्या पंपाखालच्या बारीक भोकाशी. त्या भोकातून रंगीत ओघळ आला असेल, तर पंपाचे सील गेले. समोरच्या प्रवाशाच्या पायाखालची चटई ओली, काचेवर चिकट धुके आणि गोडसर वास असेल, तर हीटर गळतो आहे. झाकणही पाहा. त्याची आत ओढणारी झडप अडकली असेल, तर थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा दिसतो.

हे सगळे ठीक असेल, तर थंड इंजिनाचे झाकण उघडून इंजिन सुरू करा. हवा आधी काढलेली असूनही सतत बुडबुडे येत राहिले, इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही मागून गोडसर वासाचा पांढरा धूर आला किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधट दिसले, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधले पातळ पॅकिंग, गेले आहे. ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसता दुधट थर, तोही थंडीत, असेल तर घाबरू नका, ती बहुधा साधी वाफ असते. गॅस्केटची लक्षणे असतील, तर फ्लशिंगवर, म्हणजे कूलंट धुऊन बदलण्यावर, पैसे घालवू नका आणि ती गाडी चालवूही नका.

प्रश्न : ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात काटा लालवर गेला. अशा वेळी नेमके काय करावे?
– लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : एसी लगेच बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, काचा उघड्या. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागी थांबा. वाफ नसेल आणि रेडिएटरचा पंखा फिरत असेल, तर इंजिन दोन मिनिटे जागेवर चालू द्या. काटा उतरू लागेल. उतरला नाही, वाफ दिसली किंवा पंपाचा पट्टा तुटला असेल, तर तत्काळ बंद करा. बॉनेट उघडून तास-दीड तास हात लावू नका. रेडिएटरवर बाहेरून बाटलीने गार पाणी ओतू नका. थंड झाल्यावर जे स्वच्छ पाणी असेल ते भरून घरी या. पिण्याच्या पाण्याची बाटलीही चालेल. आणि नंतर ते काढून पुन्हा योग्य प्रमाणात भरा.

प्रश्न : काढलेल्या जुन्या कूलंटचे काय करायचे? घरात कुत्रा आहे.
– नारायण बाग, इंदूर

उत्तर : कुत्र्याचा उल्लेख केलात हे बरे झाले. एथिलीन ग्लायकॉल गोडसर लागते, प्राणी ते चाटतात. दहा किलोच्या कुत्र्याला अर्धी वाटी जीव घ्यायला पुरेशी आहे, मांजराला तर चार-पाच किलो वजनाला एक-दोन चमचे. आधी झिंगल्यासारखी चाल, मग बरे वाटल्याचा भास, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. लक्षणांची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्याकडे न्या. मुलाने तोंडाला लावले, तर डबा सोबत घेऊन थेट रुग्णालयात.

टब क्षणभरही उघडा सोडू नका. काढलेले लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत ‘विषारी, जुने कूलंट’ लिहा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीच नाही. जुन्या ऑइलमध्येही मिसळू नका, नाहीतर ते ऑइल कोणी घेणार नाही. जुने कूलंट घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. नाहीतर इंदुरात ओला, सुका, प्लास्टिक यांच्यासोबत घरगुती घातक कचराही वेगळा गोळा होतो, कचरागाडीवाल्यांना आधी सांगून त्यांच्या हाती द्या. रस्त्याकडेच्या पावसाळी नाल्यात ओतू नका. तो नाला पुढे कान्ह किंवा सरस्वती नदीला मिळतो, आणि या कूलंटमध्ये वर्षभर इंजिनातून सुटलेले धातूही असतात. फरशीवर सांडले, तर आधी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या, तो पिशवीत बांधून वरच्याच प्रकारे द्या. मग साबणाच्या पाण्याने जागा दोनदा पुसा आणि ती वाळेपर्यंत कुत्र्याला आत ठेवा.